एकच रिसीव्हर, चार मते

स्वस्तातला होम थिएटर रिसीव्हर घ्यावा का आणि घ्यायचा तर कोणता, असा प्रश्न पडला की आपण प्रथम काय करतो? ज्याच्या घरी तो आहे त्याला विचारतो. शेजारी, शाळेतले सहकारी, दुकानात भेटलेले एखादे जुने गिऱ्हाईक. शिवाय हल्ली मोबाईलवर अनोळखी मालकांचे शेरेही वाचायला मिळतात. एक जण म्हणतो, "या किमतीत याला तोड नाही." दुसरा म्हणतो, "पैसे पाण्यात गेले." दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. मग खरे काय समजायचे?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा प्रश्न वाटतो तितका चैनीचा नाही. अनेक गावांतून चित्रपटगृह गाठायचे म्हणजे लांबचा प्रवास. तेव्हा घरातच थोडा बरा आवाज असावा असे वाटते आणि त्यासाठी घरातली शिल्लक खर्ची पडते. शाळाही लोकवर्गणीतून सभागृहासाठी किंवा डिजिटल वर्गासाठी ध्वनिसंच घेतात. तो निवडायचे काम बहुधा विज्ञानाच्या शिक्षकांवर येऊन पडते. आपल्याला 'यातले कळते' असे सर्वांनी गृहीत धरलेले असते!

मालकाचे मत हे एक प्रकारचे मापन आहे. मोजपट्टीने लांबी मोजताना ती पट्टी कशाला लावली आहे हे आपण आधी पाहतो. मतांच्या बाबतीत मात्र हे पाहायचे राहून जाते. मत रिसीव्हरबद्दल दिलेले असते, पण त्यात खोली, वीज, हवामान आणि ऐकणाऱ्याचा कान हे सारे मिसळलेले असते. ते वेगळे कसे करायचे ते या लेखात पाहू.

पेटीच्या आत काय असते?

'रिसीव्हर' हे नाव रेडिओमुळे पडले. रेडिओ-लहरी पकडणारा भाग आणि आवाज मोठा करणारा अँप्लिफायर एकाच पेटीत असले की त्या पेटीला रिसीव्हर म्हणत. आजचा होम थिएटर रिसीव्हर प्रामुख्याने चार कामे करतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी यांपैकी हवा तो स्रोत निवडतो. त्यातून येणाऱ्या अंकीय संकेताची उकल करून प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा काढतो. तो वाटा स्पीकर हलवण्याइतका मोठा करतो. आणि खोलीप्रमाणे आवाजाची पातळी कमी-अधिक करू देतो.

'५.१' म्हणजे काय? समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर आणि बाजूला किंवा मागे दोन, हे झाले पाच. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. राहिलेला '.१' म्हणजे फक्त खर्जासाठी असलेला सबवूफर. त्याला ध्वनीच्या पट्ट्याचा खालचा लहानसा भागच दिलेला असतो, म्हणून त्याची गणना पूर्ण एक अशी न करता दशांशात करतात. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर डॉल्बी डिजिटल ही पद्धत चित्रपटगृहात आली आणि पुढे डीव्हीडीबरोबर ती घरात शिरली.

एक गोष्ट लक्षात ठेवू. रिसीव्हर स्वतः आवाज करत नाही. आवाज करतो स्पीकर आणि तो आपल्यापर्यंत पोचवते खोली.

चार घरे

आता अशी कल्पना करा की, एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे चार रिसीव्हर चार घरी गेले. सोबतचे स्पीकरही सारखेच. काही महिन्यांनी आपण चौघांना मत विचारले.

चंद्रपूर शहरात नवे स्लॅबचे घर बांधलेले गृहस्थ म्हणाले, "आवाज भरपूर आहे, पण संवाद कळत नाहीत. बोलणे घुमते."

बल्लारपूरला क्वार्टरमध्ये राहणारे म्हणाले, "खर्ज एवढा की मांडणीवरची भांडी वाजतात." त्यांच्या पत्नी लगेच म्हणाल्या, "अहो, मला तर खर्ज ऐकूच येत नाही!"

धानोरा तालुक्यातल्या एका गावातून मत आले, "दुपारी छान चालतो. संध्याकाळी जरा मोठा केला की आवाज फाटतो."

आरमोरीचे गुरुजी म्हणाले, "हिवाळ्यात एक नंबर. मे महिन्यात मात्र अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो."

चार मते, चार तक्रारी. यंत्र मात्र एकच. आता एकेक घर घेऊ.

चंद्रपूर: खोली बोलते

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठापुढे एक अडचण उभी राहिली. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले कोणालाच कळत नव्हते. वॉलेस सबाईन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्याने ऑर्गनची नळी वाजवून बंद केली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले. वेळ आला सुमारे साडेपाच सेकंद! म्हणजे वक्त्याचा पहिला शब्द विरण्याआधी पुढचे दहा-पंधरा शब्द त्यात मिसळत होते. मग त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून खोलीत ठेवल्या. जितक्या गाद्या जास्त, तितका वेळ कमी. या मोजमापांतून त्याने एक साधे सूत्र काढले. मीटरमध्ये मोजले तर ते असे आहे:

निनादकाळ = ०.१६ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण

निनादकाळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ. शोषण मोजायचे एकक सबाईनने मोठे मजेदार निवडले होते: उघडी खिडकी. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज बाहेर जातो, परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण.

चंद्रपूरच्या त्या घरातली खोली ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे असे धरू. घनफळ ४२ घनमीटर. भिंती, छत आणि फरशी मिळून ७३ चौरस मीटर. गुळगुळीत गिलावा आणि टाइल्स त्यांच्यावर पडलेल्या आवाजापैकी जेमतेम ३ टक्के शोषतात. म्हणजे एकूण शोषण सुमारे २.२ आणि निनादकाळ सुमारे ३ सेकंद! प्रत्यक्षात दारे, कपाटे, माणसे यांमुळे तो कमी होतो, पण बोलणे गढूळ व्हायला एवढे पुरेसे आहे.

आता याच खोलीत जाड सतरंजी, गाद्यांचा दिवाण, दुहेरी कापडाचे पडदे आणि चार माणसे आली आणि शोषण ८ झाले, तर निनादकाळ ०.८ सेकंदावर येतो. रिसीव्हरला हात न लावता संवाद कळू लागतात.

कुडाच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेल्या जुन्या घरात तर ही तक्रार फारशी येत नाही. कवेलूंच्या फटींतून आवाज बाहेर जातो. सबाईनच्या भाषेत सांगायचे तर छपरालाच असंख्य लहान खिडक्या आहेत.

बल्लारपूर: नवरा-बायकोचे मतभेद

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. ४३ हर्ट्झचा खर्ज घेतला तर तरंगलांबी ८ मीटर होते. ४ मीटरच्या खोलीत बरोबर अर्धी तरंगलांबी मावते. समोरासमोरच्या भिंतींवरून परावर्तित झालेले तरंग एकमेकांत मिसळतात आणि अप्रगामी तरंग तयार होतो. दोरीचे एक टोक खिळ्याला बांधून दुसरे हलवताना वर्गात आपण जो दाखवतो, तोच हा प्रकार. हवेच्या दाबातला चढउतार भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यभागी सर्वांत कमी असतो.

आता उलगडा होतो. गृहस्थ भिंतीला टेकून दिवाणावर बसत, पत्नी खोलीच्या मध्यभागी खुर्चीवर. दोघांचेही म्हणणे खरे होते. त्यातून सबवूफर ठेवला होता कोपऱ्यात, म्हणजे तीन पृष्ठभाग जिथे मिळतात तिथे. कोपऱ्यात खर्ज सर्वांत अधिक उठतो.

यावर एक सोपा उपाय आहे आणि तो मुलांना फार आवडतो. सबवूफर उचलून आपल्या नेहमीच्या बसण्याच्या जागी ठेवा. खर्जाचे एखादे गाणे लावा आणि खोलीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज भरीव पण स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची योग्य जागा. ऐकणारा आणि ऐकवणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचे वागणे तेच राहते, या तत्त्वावर हा प्रयोग आधारलेला आहे.

धानोरा: तारेचे शेवटचे टोक

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पण एवढे मोठे केंद्र शेजारच्या जिल्ह्यात असले म्हणून तारेच्या शेवटच्या टोकाच्या घरात २३० व्होल्ट पोचतीलच असे नाही. तारेला रोध असतो. संध्याकाळी गावभर दिवे, पंखे, टीव्ही सुरू झाले की तारेतला प्रवाह वाढतो. प्रवाह गुणिले रोध एवढे व्होल्ट तारेतच खर्च होतात.

समजा, घरात १८० व्होल्टच आले. रिसीव्हरमध्ये साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर आतले व्होल्टेजही त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे ७८ टक्क्यांपर्यंत उतरते. स्पीकरला मिळू शकणारी कमाल शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ०.७८ गुणिले ०.७८ म्हणजे सुमारे ०.६१. शंभर वॅटचा अँप्लिफायर ६१ वॅटचा झाला!

गंमत अशी की, हळू आवाजात हा फरक मुळीच कळत नाही. तेव्हा लागणारी शक्ती त्याहून कितीतरी कमी असते. आवाज वाढवला की मात्र तरंगाचा माथा उपलब्ध व्होल्टेजला जाऊन भिडतो आणि वरून कापला जातो. गोल माथ्याचा तरंग सपाट माथ्याचा होतो. त्यात मूळ ध्वनीत नसलेल्या उच्च वारंवारिता मिसळतात. त्यालाच आपण 'फाटलेला आवाज' म्हणतो. असा आवाज तासन्‌तास चालू ठेवला तर उंच स्वरांचा लहान स्पीकर जळू शकतो. चांगला स्टॅबिलायझर बसवला तर ही तक्रार बरीच कमी होते. काही नव्या यंत्रांत स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा असतो. तो कमी व्होल्टेज बऱ्याच अंशी सांभाळून घेतो.

आरमोरी: उन्हाळ्याची परीक्षा

पारंपरिक पद्धतीचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतो. ती बाहेर टाकण्यासाठी आत ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक असतो. हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा, समजा, ४० अंशांनी तापतो. हिवाळ्यात खोली १८ अंशांवर असेल तर तो ५८ अंशांवर राहील. मे महिन्यात खोलीच ४४ अंशांवर असेल तर तो ८४ अंशांवर जाईल. यंत्रात बसवलेली सुरक्षा-योजना अशा वेळी यंत्र बंद करते. म्हणजे गुरुजींचा रिसीव्हर बिघडलेला नाही, तो स्वतःला वाचवतो आहे. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत भोवतालच्या तापमानाची मर्यादा बहुधा ३५ किंवा ४० अंश अशी दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही.

यात आणखी एका वस्तूचा हात आहे, ती म्हणजे कूलर. कूलरच्या घरघरीत संवाद बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो. आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट शक्ती लागते. शक्ती वाढली की उष्णता वाढते. त्यातच रिसीव्हर शोकेसच्या बंद कप्प्यात आणि वर धूळ बसू नये म्हणून भरतकामाचा रुमाल! हवा खेळायची वाटच बंद. रुमाल काढला, वर आणि मागे वीतभर जागा सोडली, तर निम्मे काम होते. उष्णतेचा परिणाम आयुष्यावरही होतो. यंत्रातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे.

तेव्हा आपल्या भागात मालकाला विचारायचा पहिला प्रश्न हा की, "तुमच्या यंत्राने उन्हाळे किती काढले?" दिवाळीत घेऊन संक्रांतीला दिलेले मत या परीक्षेला अजून बसलेलेच नसते.

मांडवातले वॅट आणि घरातले वॅट

रिसीव्हर घेताना हटकून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "किती वॅटचा?" आपल्या भागात वॅटची कल्पना घडते ती मांडवात. दिवाळीनंतर वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरीच्या परिसरात झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर चालणारे संगीत नाटक, समोर हजारो प्रेक्षक. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ५ मीटरवर बसलेल्याला जेवढे ऐकू येते तेवढेच ४० मीटरवरच्याला ऐकवायचे, तर अंतर तीनदा दुप्पट होते. म्हणजे १८ डेसिबल, म्हणजे शक्ती ६४ पट. मांडवात वॅट लागतातच.

घरात आपण स्पीकरपासून दोन-तीन मीटरवर असतो. घरगुती स्पीकर एक वॅटला एक मीटरवर साधारण ८८ डेसिबल आवाज देतो असे धरू. दोन मीटरवर तो ८२ डेसिबल झाला, खोलीच्या परावर्तनामुळे थोडा अधिकच. चित्रपट ७५ डेसिबलवर पाहायचा तर लागतो एक पंचमांश वॅट! स्फोट, ढगांचा गडगडाट असे क्षणिक आवाज त्याच्या २० डेसिबल वर जातात असे मानले, तर त्या क्षणी सुमारे २० वॅट लागतील. पन्नास वॅट आणि शंभर वॅट यांत फरक फक्त ३ डेसिबलचा. तो कळतो, पण थोडाच. किंमत मात्र दुप्पट होऊ शकते.

खोक्यावरचा मोठा आकडा कसा तयार होतो हेही पाहा. 'पीएमपीओ' या नावाने जे हजारो वॅट छापले जात, त्यांच्या मोजणीला कोणतेही सर्वमान्य मानक नव्हते. 'आरएमएस' लिहिलेले असले तरी बारीक अक्षरे वाचावीत: एकच वाहिनी चालू ठेवून, एकाच वारंवारितेला, १० टक्के विरूपण चालवून घेऊन मोजलेला आकडा पाचही वाहिन्या चालू असताना मिळत नाही. अमेरिकेत याच गोंधळामुळे १९७४ मध्ये घरगुती अँप्लिफायरची शक्ती कशी सांगावी याचा नियम झाला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा करून चाचणीच्या अटी पक्क्या केल्या गेल्या.

शिक्षकांसाठी सोपी युक्ती म्हणजे यंत्राची मागची बाजू पाहणे. पुढे '५ × १०० वॅट' आणि मागे 'वीजवापर २०० वॅट' असे असेल, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मुलांना विचारा. मागचा आकडा ठरावीक चाचणी-स्थितीतला असतो, त्यामुळे यंत्र काही काळ त्याहून अधिक वीज घेऊ शकते. पण पाचही वाहिन्यांना अखंड शंभर वॅट त्यातून निघणार नाहीत हे उघड आहे. वर्गात शिकवलेला नियम बाजारात उपयोगी पडतो, तो असा.

कान आणि मन

चारही घरांतली कारणे दूर केली तरी मते एकसारखी होत नाहीत. कान हे काही सरळ रेषेत मोजणारे उपकरण नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, हळू आवाजात कानाला खर्ज खूपच कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की खर्ज 'भरून' येतो. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना थोडे जास्त मोठे वाजणारे यंत्र आपल्याला चांगले वाटते. दुकानदाराने एक यंत्र किंचित मोठे लावले की निकाल लागला!

शिवाय किंमत, नाव आणि स्वतःची निवड यांचाही प्रभाव पडतो. यावर विज्ञानाकडे एक उत्तम औषध आहे, ते म्हणजे आंधळी चाचणी. दोन्ही यंत्रे सारख्या मोठ्या आवाजावर लावायची. नाणे उडवून कोणते वाजवायचे ते ठरवायचे आणि पडद्यामागून वाजवायचे. ऐकणाऱ्याने ओळखायचे. असे दहा वेळा. नुसत्या अंदाजानेही सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता अंदाजानेही १७ टक्के आहे, तेव्हा सात म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे. नऊ किंवा दहा बरोबर आली तर मात्र फरक खरोखर ऐकू येतो असे म्हणायला जागा आहे, कारण तसे योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे १ टक्का आहे.

कोण बोलते, कोण गप्प बसते

मतांची बेरीज करतानाही सावध राहावे लागते. समजा, शंभर जणांनी एक यंत्र घेतले. नव्वद जणांचे ठीक चालले, दहा जणांना त्रास झाला. त्रास झालेल्यांपैकी निम्मे म्हणजे पाच जण बोलले. समाधानी लोकांपैकी अठरांत एक, म्हणजे पाच जण बोलले. आपल्या कानावर पाच चांगली आणि पाच वाईट मते आली. आपण म्हणणार, "निम्मी यंत्रे खराब निघतात." प्रत्यक्षात दहात एकच निघाले होते. उलटही घडते. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू वाईट निघाली हे कबूल करणे अनेकांना जड जाते.

म्हणून "कसा आहे?" एवढेच विचारू नये. पुढील प्रश्न विचारले तर तेच मत कितीतरी अधिक सांगून जाते.

१. खोली केवढी, छत स्लॅबचे की कवेलूचे, आत गाद्या-पडदे आहेत का?
२. स्पीकर कोणते, किती ओहमचे, ते आणि सबवूफर कुठे ठेवले आहेत?
३. संध्याकाळी घरात किती व्होल्ट येतात, स्टॅबिलायझर आहे का?
४. किती उन्हाळे झाले, कूलर चालू असताना कसा ऐकू येतो?
५. बिघडला तेव्हा दुरुस्ती कुठे झाली, किती दिवस लागले?
६. आधी घरात काय होते? जुन्या टीव्हीच्या स्पीकरवरून आलेल्याला काहीही छानच वाटणार.

शाळेचा संच

आता शाळेकडे वळू. वर्गाची खोली ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३.५ मीटर उंच धरली तर घनफळ १४७ घनमीटर होते. उघड्या खिडक्या आणि तीस मुले धरूनही शोषण १८ च्या आसपास येते. सूत्रात घालून पाहा, निनादकाळ सुमारे १.३ सेकंद. वर्गखोलीत तो ०.६ सेकंदाच्या आत असावा अशी अमेरिकेतल्या मानकात शिफारस आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला सरांचा आवाज पोचतो, पण व्यंजने पुसली जातात. 'पाच' की 'पाठ' हे त्याला कळत नाही. आपण म्हणतो, मुलाचे लक्ष नाही.

अशा वेळी अधिक वॅटचा संच आणला तर काय होईल? स्पीकरमधून थेट येणारा आवाज जितका वाढेल, तितकाच भिंतींवरून परतणाराही वाढेल. दोहोंचे गुणोत्तर बदलणार नाही. मागच्या बाकाला पूर्वीइतकेच गढूळ ऐकू येईल, फक्त अधिक मोठ्याने. त्यापेक्षा मोठ्या सभागृहात एका मोठ्या स्पीकरऐवजी लहान स्पीकर मुलांच्या जवळ ठेवावेत, मागच्या भिंतीवर जाड गोधड्या किंवा पोत्यांचे थर भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगावेत. खर्च कमी आणि फायदा अधिक.

मोठ्या आवाजाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कानांच्या दृष्टीने मर्यादा मानतात. दर ३ डेसिबल वाढीला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो.

पुढची खरेदी ठरण्यापूर्वी मुलांना घेऊन एक प्रयोग करा. रिकाम्या वर्गात जोरात एक टाळी वाजवा आणि घुमणे किती वेळ टिकते ते ऐका. मग प्रत्येकाने घरून एक गोधडी आणावी, त्या दोरीवर टांगाव्यात आणि पुन्हा टाळी वाजवावी. मागच्या बाकावर एकाला बसवून पुढून वीस शब्द वाचा. गोधड्यांशिवाय त्याने किती बरोबर लिहिले, गोधड्यांसह किती? हे आकडे फळ्यावर मांडा आणि मगच शाळा समितीपुढे संचाचा विषय काढा.